‘नो मॅन्स स्काय’ : कीर्ति आणि प्रत्यक्ष

बुद्धिबळाच्या पटाची आणि दाण्यांची गोष्ट मराठी घरांतून व शाळांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली जात आली आहे. पटाच्या पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, याप्रमाणें दुप्पट करीत चौसष्टहि घरें भरून द्यावीं, एवढेंच बक्षीस तो खेळ शोधून काढणाऱ्या चतुर पुरुषानें राजाजवळ मागितलें. राजा हंसला आणि कोठाराच्या कारभाऱ्यास हुकूम सोडून मोकळा झाला. पुढें हिशेब मांडला गेला तेव्हां असें दिसून आलें कीं, राज्यांतील सारीं कोठारें रितीं केलीं तरी तें देणें फिटावयाचें नाहीं. त्या दाण्यांची संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी भरते. भास्कराचार्यांच्या लीलावतींत अंकांचीं स्थानें अठरा सांगितलीं असून त्यांतील शेवटचें परार्ध. ही संख्या वीस अंकी, म्हणजे परार्धाच्याहि पुढें दोन घरें गेलेली आहे.

या संख्येंत एक मिळविला म्हणजे जी संख्या येते, बरोबर तितके ग्रह आपल्या खेळांत आहेत, असें इंग्लंडांतील गिल्डफर्ड गांवच्या एका लहानशा मंडळीनें जाहीर केलें, आणि तें ऐकून जगांतील लक्षावधि माणसें हरखून गेलीं. राजाला संख्येचा अंदाज आला नाहीं म्हणून तो अडचणींत सांपडला. येथें लोकांना संख्या आधींच सांगितलेली होती, आणि तरीहि त्यांची निराशा झाली. ती कशी झाली, तींत दोष कोणाचा किती, आणि त्यानंतर त्या खेळाचें जें झालें त्यामुळें त्याची पूर्वीची कीर्ति खरी ठरली काय, हा प्रश्न ज्यांच्या घरीं मुलें पडद्यावरील खेळांसाठीं पैसे मागतात त्यांनाच केवळ नव्हे, तर जाहिरात वाचून कोणतीहि वस्तु विकत घेणाऱ्या सर्वांनाच विचार करण्यासारखा आहे.

खेळाचें नांव ‘नो मॅन्स स्काय’. ज्यावर कोणाचीहि मालकी नाहीं असें आकाश, असा त्याचा अर्थ. तो रचणाऱ्या संस्थेचें नांव ‘हॅलो गेम्स’ आणि तिचे प्रमुख शॉन मरे. ज्या श्रोत्यांचा असल्या खेळांशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. खेळाडू एका अनोळखी ग्रहावर मोडक्या यानाजवळ जागा होतो. आसपासचीं खनिजें व वनस्पति गोळा करून तो यान दुरुस्त करतो, आकाशांत झेप घेतो, वातावरण ओलांडून दुसऱ्या ग्रहाकडे आणि पुढें दुसऱ्या सूर्याकडे जातो. जो ग्रह, जें जनावर, जें झाड त्याला प्रथम आढळेल त्याला नांव देण्याचा अधिकार त्याचा. आकाशगंगेच्या मध्यबिंदूपर्यंत पोंचावें हें त्याच्यापुढील एक ध्येय. पहिल्या आकाशगंगेचें नांव युक्लिड, तर मध्यबिंदु ओलांडल्यावर लागणारीचें नांव हिल्बर्टवरून ठेवलेलें; रचणाऱ्यांना गणिताचा अभिमान होता हें यावरून उघड दिसतें.

मरे यांच्या बालपणाचा कांहीं काळ ऑस्ट्रेलियांतील दूरच्या, विरळ वस्तीच्या मुलखांत गेला. अंतराळप्रवासाच्या जुन्या कादंबऱ्यांचीं रंगीत मुखपृष्ठें हीहि त्यांची एक आवड. नव्या खेळाचें बीज यांत आहे. मोटारसायकलवरील कसरतींचा ‘जो डेंजर’ नांवाचा गंमतीचा खेळ त्यांच्या संस्थेनें २०१० सालीं काढला होता. तो चांगला होता, परंतु त्यावरून एवढ्या मोठ्या कल्पनेची चाहूल कोणाला लागली नसती. २०१३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील एका पारितोषिक समारंभांत ‘नो मॅन्स स्काय’ची छोटी चित्रफीत दाखविण्यांत आली. ज्यांनीं ती पाहिली ते चकित झाले. मूठभर माणसांनीं हें केलें आहे हें कळल्यावर तर अधिकच. त्याच महिन्याच्या २४ तारखेला, ऐन नाताळाच्या आदल्या रात्रीं, गिल्डफर्डला पूर आला आणि या मंडळीची कचेरी पाण्याखालीं गेली. यंत्रें नष्ट झालीं. काम मात्र त्यांनीं सोडलें नाहीं. लोकांना अशी कथा नेहमींच आवडते, आणि येथूनच खेळाबरोबर खेळ करणाऱ्यांचीहि कीर्ति वाढूं लागली.

२०१४ च्या जूनमध्यें लॉस एंजेलिस येथील मोठ्या प्रदर्शनांत सोनी कंपनीनें आपल्या मंचावर या खेळाला मानाचें स्थान दिलें. तेथें दाखविलेल्या चित्रफितींत तळ्याकांठीं चरणारीं उंच मानेचीं अवाढव्य जनावरें होतीं, झाडें मोडून धांवत सुटलेलें दुसरें एक जनावर होतें, आणि त्या सर्वांवरून उडत जाणारीं यानें होतीं. २०१५ मध्यें ‘न्यूयॉर्कर’सारख्या साहित्याला वाहिलेल्या साप्ताहिकानें या खेळावर दीर्घ लेख छापला, त्याच वर्षीं स्टीफन कोल्बर्ट यांच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत मरे पाहुणे म्हणून गेले. जो खेळ कोणीहि पुरता खेळला नव्हता त्याची स्तुति अशा रीतीनें तीन वर्षें चालू होती. स्तुति करणाऱ्यांच्या हातीं होतें काय? कांहीं मिनिटांची चित्रफीत, एका लाजाळू व प्रामाणिक दिसणाऱ्या माणसाचें बोलणें, आणि ती वीस अंकी संख्या.

या संख्येचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. एवढे ग्रह कोणीं एकेक करून रंगविले नाहींत, ते कोठें सांठवूनहि ठेवलेले नाहींत. ते एका सूत्रांतून निघतात. प्रत्येक ग्रहाची एक बीजसंख्या असते. ती सूत्रांत घातली म्हणजे डोंगर किती उंच, समुद्र कोठवर, आकाशाचा रंग कोणता, गवत कसलें, हें सारें त्यांतून ठरतें. खेळाडू जवळ आला कीं यंत्र ती जागा गणितानें उभी करतें, आणि तो दूर गेला कीं विसरून जातें. बीज तेंच तर उत्तर तेंच. म्हणून एकानें पुण्यांत बसून आणि दुसऱ्यानें लंडनमध्यें बसून एकच ग्रह गांठला तर दोघांनाहि तीच टेकडी त्याच जागीं दिसावयाची. युक्ति अत्यंत सुंदर आहे, आणि ज्या मुलाला गणित म्हणजे रुक्ष विषय वाटतो त्याला ती समजावून सांगण्यासारखी आहे. एकेका ग्रहाला एकच सेकंद दिला तरी सर्व ग्रह पाहून होण्यास ५८,००० कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल. आपल्या खऱ्या विश्वाचें वय शास्त्रज्ञ १,३८० कोटी वर्षांच्या आसपास मानतात.

परंतु सूत्र जें देतें तें वेगळें असेल, नवें असेलच असें नाहीं. शोभादर्शक नांवाचें जुनें खेळणें पुष्कळांनीं पाहिलें असेल. नळींत रंगीत कांचांचे दहाबारा तुकडे आणि तीन आरसे. नळी फिरवावी तशी आकृति बदलते, आणि तीच आकृति हुबेहूब पुन्हां आयुष्यांत दिसावयाची नाहीं. गणितानें पाहिलें तर त्या आकृत्यांना अंत नाहीं. तरी मूल वीसपंचवीस वेळां नळी फिरवून ती खालीं ठेवतें. त्याला कोणीं संभाव्यतेचें गणित शिकविलेलें नसतें, पण आंत तुकडे तेच आहेत हें त्याच्या ध्यानांत आलेलें असतें. ‘नो मॅन्स स्काय’मधील प्राणीहि याच जातीचे. चित्रकारांनीं हातानें घडविलेले कांहीं सांगाडे, त्यांना जोडावयाचीं डोकीं, शिंगें, पंख, शेपट्या. सूत्र त्यांची जुळणी करतें, ताणतें, आंखडतें, रंग बदलतें. हरणाच्या धडावर सरड्याचें डोकें पहिल्यानें पाहिलें म्हणजे हंसूं येतें. दहाव्या ग्रहावर तेंच धड निळ्या रंगांत दिसलें म्हणजे हंसूं येत नाहीं.

ही गोष्ट या धंद्यांतील जाणत्यांना ठाऊक नव्हती असें नाहीं. इंग्लंडांतच १९८४ सालीं केंब्रिजचे दोन तरुण विद्यार्थी, डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल, यांनीं ‘एलिट’ नांवाचा अंतराळांतील व्यापाराचा खेळ रचला. त्या काळच्या बीबीसी मायक्रो यंत्राची स्मृति इतकी तुटपुंजी होती कीं तींत सुमारें ३२ हजार अक्षरांपलीकडे कांहीं मावत नसे. तारे सांठवून ठेवावयास जागाच नाहीं, म्हणून त्यांनींहि ते सूत्रांतून काढले. त्यांच्या सूत्राला २८१ लक्ष कोटींहून अधिक आकाशगंगा काढतां येत होत्या. परंतु एवढा पसारा दाखविला तर त्यांतील कृत्रिमपणा खेळाडूच्या डोळ्यांत भरेल, अशी शंका प्रकाशकांना आली आणि त्यांनीं ती संख्या फक्त आठांवर आणविली. प्रत्येक आकाशगंगेंत २५६ तारे. ‘एलिट’ पुढें अतिशय गाजला. ज्या संख्येची त्या प्रकाशकांना भीति वाटली, तिच्याहून कितीतरी पटींनीं मोठी संख्या तीस वर्षांनीं जाहिरातीचें मुख्य भूषण व्हावी, यांत काळाचा फरक दिसून येतो; शहाणपणाचा पक्ष कोणता हें ठरविणें अवघड नाहीं.

खेळ अमेरिकेंत ९ ऑगस्ट २०१६ रोजीं, दुसऱ्या दिवशीं युरोपांत, आणि १२ तारखेस साध्या संगणकांसाठीं विक्रीस आला. किंमत ६० डॉलर. म्हणजे मोठमोठ्या कंपन्या शेंकडों माणसें राबवून जे खेळ काढतात त्यांच्या बरोबरीची. संगणकांवर एका वेळीं खेळणाऱ्यांची संख्या पहिल्याच दिवशीं दोन लाखांच्या वर गेली.

पहिल्या दोनचार तासांचा अनुभव खरोखर अपूर्व होता, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. यान जमिनीवरून उठतें, ढग खालीं राहतात, निळें आकाश हळूहळू काळें होतें, आणि ज्या ठिपक्याकडे बोट दाखवावें तो ठिपका मोठा होत होत गोल, मग भूमि, मग पायांखालची माती होतो. मध्यें कोठेंहि पडदा पडत नाहीं, कोठें खंड नाहीं. शेफील्डच्या ‘सिक्स्टीफाइव्ह डेज ऑफ स्टॅटिक’ या वाद्यवृंदाचें संगीत त्या एकांताला शोभेसें आहे. हें दृश्य त्यापूर्वीं इतक्या विस्तारानें कोणीं दाखविलें नव्हतें.

मग यान उतरतें, आणि दुरून डोंगर साजरे ही म्हण अक्षरशः आठवते. डोंगराजवळ गेल्यावर तेथें करावयाचें काय? खडक फोडून खनिज काढावयाचें. झोळी लहान, ती लगेच भरते. तिच्यांतलें विकावयाचें, कीं पुन्हां खडक. जागोजाग आढळणाऱ्या चौक्या एकाच सांच्याच्या. आंत तेंच मेज, तोच एकटा परग्रहवासी. अंतराळस्थानकें बाहेरून निरनिराळीं, आंतून बहुधा सारखींच. चित्रफितींतील तळ्याकांठचे ते भव्य कळप, तें झाडें मोडणारें जनावर, तसलें कांहीं खेळाडूंना सांपडेना. आणि आकाशगंगेचा मध्य? प्रकाशनापूर्वींच प्रत मिळविलेल्या एका खेळाडूनें तो सुमारें तीस तासांत गांठला. जे तेथें पोंचले त्यांना कोणतेंहि रहस्य उलगडलें नाहीं. त्यांना दुसऱ्या आकाशगंगेच्या कडेवर नेऊन सोडण्यांत आलें, आणि पुन्हां खनिजें, पुन्हां झोळी. युक्लिड संपला, आतां हिल्बर्ट सुरू.

याहून गंभीर गोष्ट दुसरीच होती. या विश्वांत दोन खेळाडूंची भेट होऊं शकते काय, असा प्रश्न मरे यांना प्रकाशनापूर्वीं वारंवार विचारला जाई. होऊं शकते, परंतु विश्व इतकें विशाल आहे कीं तसा योग येणें जवळजवळ अशक्य, अशा अर्थाचें उत्तर ते देत. हें उत्तर बारकाईनें पाहण्यासारखें आहे. त्यांत एक वचन आहे, आणि त्या वचनाची परीक्षा कधींच होणार नाहीं अशी हमीहि त्यांतच आहे. ती हमी देणारी कोण, तर तीच वीस अंकी संख्या! प्रकाशनाच्या अगदीं तोंडावर मरे यांनीं हा अनेकांनीं मिळून खेळण्याचा खेळ नव्हे असें लिहून कळविलें. युरोपांत विक्रीस आलेल्या कांहीं खोक्यांवर इंटरनेटवरून खेळण्याचें चिन्ह वरून कागद चिकटवून झांकलेलें आढळलें. आणि मग जें अशक्य म्हणून सांगितलें होतें तें पहिल्याच दिवशीं घडलें. दोन खेळाडू एकाच ग्रहावर, एकाच ठिकाणीं येऊन उभे राहिले. हजारों लोक त्यांचे पडदे पाहत होते. दोघेहि आपण कोठें उभे आहों हें एकमेकांस सांगत होते, आणि एकालाहि दुसरा दिसत नव्हता.

गणितानें असंभव ठरविलेली भेट इतक्या लवकर कशी घडली? कारण सोपें आहे. माणसें विश्वांत दाण्यांसारखीं यदृच्छेनें विखुरत नाहींत. तीं एकमेकांना शोधतात. दुसऱ्यानें शोधून नांव दिलेला ग्रह नकाशांत दिसला कीं मनुष्य तिकडे वळतो. सूत्र लिहिणाऱ्यांनीं ग्रहांचा हिशेब केला, या ओढीचा केला नाहीं.

त्यानंतर जो क्षोभ उसळला त्यांत न्याय्य राग आणि निव्वळ रानटीपणा हीं दोन्ही होतीं, आणि दोहोंची गल्लत करणें योग्य नाहीं. खेळ जूनऐवजीं ऑगस्टमध्यें निघणार एवढें कळल्यावरच मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. बातमी देणाऱ्या पत्रकारालाहि त्या आल्या. खेळण्यास उशीर झाला म्हणून मारण्याची भाषा करणाऱ्या प्रौढ माणसांविषयीं काय बोलावें! परंतु ज्यानें साठ डॉलर मोजले आणि सांगितलेली वस्तु मिळाली नाहीं म्हणून पैसे परत मागितले, तो रानटी नव्हे. त्याची तक्रार खरी होती. कांहीं आठवड्यांतच संगणकांवरील खेळाडूंची ती दोन लाखांची गर्दी ओसरून कांहीं हजारांवर आली.

प्रकरण ब्रिटनमधील जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेपर्यंत गेलें. दुकानाच्या पानावरील चित्रें व चित्रफिती दिशाभूल करणाऱ्या आहेत, अशी तक्रार होती. ३० नोव्हेंबर २०१६ च्या निर्णयांत संस्थेनें ती मान्य केली नाहीं. सूत्रानें घडणाऱ्या खेळांत प्रत्येकास निरनिराळें दिसणार हें ग्राहकास समजण्यासारखें आहे, आणि दाखविलें त्या प्रकारचें खेळांत एकंदरीनें आढळतें, असा निर्णयाचा आशय. त्या मर्यादित प्रश्नापुरता तो बरोबरच म्हणावा लागेल. मात्र लोकांच्या अपेक्षा दुकानाच्या पानावर वाढल्या नव्हत्या. त्या मुलाखतींतून, मंचावरून, दूरचित्रवाणीवरून वाढल्या होत्या. तोंडानें दिलेलें वचन त्या चौकशीच्या कक्षेंत कोठून येणार? वृत्तपत्रांचा आणि मासिकांचा भागहि येथें लहान नाहीं. जे प्रश्न त्यांनीं २०१४ मध्यें नेटानें विचारावयाचे ते त्यांनीं २०१६ च्या सप्टेंबरांत विचारले.

येथवरच कथा असती तर नांव मोठें लक्षण खोटें म्हणून ती सोडून देतां आली असती. परंतु गिल्डफर्डच्या त्या मंडळीनें पुढें जें केलें तें या धंद्यांत विरळा दिसतें. त्यांनीं बोलणें बंद केलें. खुलासे नाहींत, माफीचीं पत्रकें नाहींत, नवीं वचनें तर नाहींतच. त्यांनीं काम केलें आणि तें झाल्यावर दाखविलें. जाहिरातींविषयींच्या त्या निर्णयाच्या तीन दिवस आधींच पहिली मोठी भर निघाली. तींत आपल्या पसंतीच्या ग्रहावर घर बांधण्याची सोय आली. २०१७ मध्यें जमिनीवरून चालवावयाचीं वाहनें आलीं, एक सलग कथानक आलें, आणि दुसरा खेळाडू प्रकाशाच्या तरंगत्या गोळ्याच्या रूपानें कां होईना दिसूं लागला. २४ जुलै २०१८ रोजीं निघालेल्या ‘नेक्स्ट’ नांवाच्या आवृत्तींत दोन माणसें अखेर एकमेकांसमोर धडधाकट उभीं राहिलीं. पहिल्या दिवशींच्या त्या न झालेल्या भेटीला तोंवर जवळजवळ दोन वर्षें झालीं होतीं. जुन्या चित्रफितींत झळकलेले आणि खेळांत कोणाला न सांपडलेले प्रचंड वाळूकिडे २०२० मध्यें आले. यानंतरहि भर पडत राहिली. २०२४ आणि २०२५ मध्यें ग्रहांची घडण, समुद्र, हवामान हीं पुष्कळशीं नव्यानें रचलीं गेलीं. ज्यानें एकदां खेळ विकत घेतला होता त्याला यांपैकीं कशासाठींहि दुसरा पैसा मोजावा लागला नाहीं.

लोकांनींहि याची दखल घेतली. २०१९ सालीं कांहीं खेळाडूंनीं वर्गणी काढून गिल्डफर्डमध्यें या संस्थेच्या कचेरीजवळ एक मोठा जाहिरातफलक भाड्यानें घेतला आणि त्यावर संस्थेचे आभार मानले. ज्या वस्तूच्या जाहिरातीवर लोक एवढे रागावले होते, तिच्यासाठीं त्यांनीं आपल्या खर्चानें जाहिरात लावावी, असा प्रसंग व्यापाराच्या इतिहासांत फारसा सांपडणार नाहीं. २०२० च्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्यें सतत वाढत राहिलेल्या खेळासाठीं असलेलें पारितोषिकहि त्याला मिळालें.

मग कीर्ति खरी ठरली काय? पूर्वीं ज्या गोष्टीबद्दल स्तुति झाली आणि आज ज्या गोष्टी स्तुतीला पात्र आहेत, त्या एकच नव्हेत, हें येथें नजरेंतून सुटतां कामा नये. २०१४ मध्यें स्तुति झाली ती अनंत ग्रहांची. त्या ग्रहांची संख्या वाढण्याची गरज नव्हती. खेळ सुधारला तो माणसाच्या हातानें घातलेल्या गोष्टींमुळें: घर बांधावयाचें साहित्य, पाळण्यास मिळणारीं जनावरें, बरोबर प्रवास करणारे सोबती, ठराविक मुदतींत सर्वांनीं एका ठिकाणापासून निघून एकत्र पार पाडावयाच्या मोहिमा. यांतील कोणतीहि गोष्ट त्या महान् संख्येवर अवलंबून नाहीं. पन्नास ग्रहांच्या विश्वांतहि ती तितकीच गोड लागली असती.

खेळाडूंच्या वागण्यानें हें मत पक्कें होतें. युक्लिड आकाशगंगेंत कोट्यवधि मुलूख असतांना कांहीं हजार खेळाडूंनीं २०१६ पासूनच त्यांतला एक लहानसा भाग निवडला, आणि ‘गॅलॅक्टिक हब’ या नांवाखालीं तेथें वस्ती केली. त्यांनीं ग्रहांना नांवें देण्याचे नियम ठरविले, नकाशे केले, कोठें सृष्टि रम्य आणि कोठें विषारी पाऊस याच्या नोंदी ठेविल्या, शेजारीं शेजारीं घरें बांधलीं. अमर्याद आकाश हातीं आल्यावर माणसांनीं त्यांतून एक गांव उभा केला. ज्या मुलांना हा खेळ आवडतो त्यांना विचारलें तर तीं ग्रहांची संख्या सांगत नाहींत. अमक्या ग्रहावर बांधलेली आपली झोपडी आणि तिच्या दारांतून दिसणारा चंद्र यांचें वर्णन करतात.

उणिवाहि राहिल्या आहेत. वीसपंचवीस तासांनंतर सूत्राचे तुकडे ओळखूं येतात ते येतातच. लढाईचा भाग सामान्य. कथानक लांबलचक पण विरळ. नव्या नव्या भरींमुळें खेळाचें रूप आतां इतक्या थरांचें झालें आहे कीं नवख्याला पहिल्या दिवशीं यादीमागून यादी वाचावी लागते, आणि मूळचा तो निःशब्द एकांत, जो चांगला होता, तो कांहींसा हरवला आहे. तरीहि आज जो कोणी तो घेईल त्याला दिलेल्या पैशाचा मोबदला भरपूर मिळेल, असें निःशंकपणें म्हणतां येतें. सवलतीच्या दिवसांत तर तो मूळ किमतीच्या निम्म्यानें मिळत आला आहे.

राहिला प्रश्न त्या पहिल्या दिवशींच्या गिऱ्हाइकाचा. सर्वांत जास्त पैसे त्यानें दिले, सर्वांत कमी वस्तु त्याला मिळाली, आणि पुढें आलेल्यांना जें अर्ध्या किमतींत तयार मिळालें त्याची चूल त्याच्या पैशावर पेटली होती. नंतरच्या साऱ्या भरी त्यालाहि फुकट मिळाल्या हें खरें; परंतु तोंवर पुष्कळांनीं तो खेळ विकून टाकला होता, कित्येकांचीं यंत्रेंच बदललीं होतीं, आणि जो मुलगा सोळाव्या वर्षीं सुटींतल्या कामाचे पैसे सांठवून तो घेऊन आला होता तो ‘नेक्स्ट’ निघाली तेव्हां अठरा वर्षांचा झाला होता. परीक्षेची घंटा झाल्यावर दिलेलें उत्तर कितीहि उत्तम असलें तरी त्या परीक्षेचे गुण त्याला देतां येत नाहींत. तें उत्तर उत्तम आहे एवढें मात्र मोकळ्या मनानें म्हणावें. आणि ज्यांनीं तें कोणी मागत नसतांनाहि वर्षानुवर्षें बसून लिहिलें, त्यांच्या चिकाटीची तारीफ करावी.

२०२३ च्या डिसेंबरांत, पहिल्या चित्रफितीला बरोबर दहा वर्षें झालीं असतां, शॉन मरे पुन्हां एकदां अमेरिकेंतील पारितोषिकांच्या मंचावर आले आणि त्यांनीं आपल्या मंडळीचा नवा खेळ जाहीर केला. त्याचें नांव ‘लाइट नो फायर’. त्यांतहि अफाट भूमि आहे, डोंगर आहेत, सर्व खेळाडूंनीं मिळून राहावयाचें आहे, आणि ही सारी सृष्टि पृथ्वीएवढी मोठी असेल असें सांगण्यांत आलें. ग्रहांची संख्या या वेळीं एक.